गजभियेकाकांचं पाणी

गजभियेकाकांनी आम्हाला मासे बघायला बोलावलं, तेव्हा टाकीत मासे नव्हते.

बोलावणं रीतसर होतं. जिन्यात गाठून त्यांनी सांगितलं होतं, "वहिनी, रविवारी संध्याकाळी या. सतीशरावांनाही आणा. टाकी लावली आहे." आम्ही गेलो. टाकीसमोर चार खुर्च्या ओळीत मांडल्या होत्या. चहा आला. टाकीत तळाशी बारीक खडी होती, एका कोपऱ्यात हिरवं रोपटं होतं, फिल्टर बुडबुडे सोडत होता, आणि बाकी पाणी होतं. आम्ही चहा पीत पाण्याकडे बघत बसलो. माझ्या नवऱ्याने दोनदा वाकून रोपट्यामागे काही लपलंय का ते पाहिलं.

शेवटी मी विचारलं, "काका, मासे कुठे आहेत?"

"यायचे आहेत."

"कधी?"

"पाणी तयार झालं की."

मी पुन्हा टाकीकडे पाहिलं. पाणी मला तरी तयारच वाटत होतं. ओलं होतं, टाकीत होतं. पाण्याने आणखी काय तयारी करायची असते, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

मी तशी उतावळी बाई आहे. कुकरची वाफ जिरायच्या आत झाकण उघडते, आणि बँकेच्या काउंटरवर समोरचा माणूस खिसे चाचपायला लागला की मला त्याच्या खिशात स्वतः हात घालावासा वाटतो. अशा माणसाला गजभियेकाकांच्या शेजारी फ्लॅट मिळावा, ही कुणाची तरी थट्टा असणार. खडकीच्या आमच्या सोसायटीत एका मजल्यावर दोनच दारं आहेत. एक आमचं, एक त्यांचं.

काका दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाले. तिथे ते सुरक्षा विभागात होते. उभं आयुष्य त्यांनी अशा इमारतींमध्ये काढलं जिथे शिंकसुद्धा विचार करून द्यावी लागते. आत जाण्यापूर्वी तांब्याच्या पट्टीला हात लावायचा, म्हणजे अंगातली वीज उतरते. खिळे असलेले जोडे बाहेर ठेवायचे. आणि पळायचं नाही. काहीही झालं तरी पळायचं नाही. नोकरी संपली, सवयी तशाच राहिल्या. अजूनही स्वतःच्या घरात शिरताना ते आधी दाराच्या कडीवर तळहात टेकवून क्षणभर थांबतात. मी सुरुवातीला समजत असे की नमस्कार करतात. एकदा खाली भाजीवाल्याच्या गाडीला धक्का लागून टोमॅटो रस्त्यावर सांडले. सगळे धावले. काका मात्र चालत आले, आणि चालत येऊनही सगळ्यात जास्त टोमॅटो त्यांनीच वेचले. "पळणाऱ्या माणसाला बघून दुसरा पळतो," ते मला म्हणाले, "आणि मग कशापासून पळायचं ते दोघांनाही माहीत नसतं."

सोसायटीतले सगळेच त्यांना काका म्हणतात. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले आमचे सेक्रेटरी देसाईसुद्धा. बायको काही वर्षांपूर्वी गेली, मुलगा नोकरीसाठी परगावी असतो. घर असं टापटीप की आपणच त्यात पसरलेल्या वस्तूसारखे वाटतो.

टाकीवर त्यांनी लाल अक्षरांत सूचना चिकटवली होती: काचेवर टिचकी मारू नये. घाई करू नये.

देसाई ती वाचून म्हणाले, "पहिली समजली. दुसरी कुणाला, आम्हाला की माशांना?"

"जो वाचेल त्याला," काका म्हणाले.

पुढच्या आठवड्यात मी कशाला तरी त्यांच्याकडे गेले, तर काका त्या रिकाम्या टाकीत माशांचं खाणं टाकत होते. चिमटीत धरून, मोजूनमापून, अगदी मन लावून. मी दारातच थांबले.

"कुणाला वाढताय?"

"जे दिसत नाहीत त्यांना."

मी मनात म्हटलं, एकटा राहणारा माणूस, असं होतं कधीकधी. संध्याकाळी सतीशला सांगितलं. तो म्हणाला, "आपण त्यांना जेवायला बोलवू या."

पण त्या रिकाम्या टाकीमागे काय आहे, हे मला नंतर कळलं. किंवा खरं सांगायचं तर मला ते माहीतच होतं, फक्त मी त्याची सांगड घातली नव्हती. कारण आदल्या वर्षी जे घडलं ते माझ्या डोळ्यांसमोरच घडलं होतं.

काकांना एक मोठी बहीण आहे. ते तिला बाई म्हणतात. भंडाऱ्याकडच्या त्यांच्या गावी ती एकटी राहते. नजर कमी झालेली, एकदा विहिरीच्या वाटेवर पडून दुपारभर तशीच पडून राहिली. तेव्हा काकांनी ठरवलं की आता बाईला पुण्याला आणायचं. आणि आयुष्यात एकदाच, माझ्या माहितीत तरी, गजभियेकाकांनी घाई केली. रात्रभराच्या प्रवासाने तिला आणलं. आल्या दिवशीच सगळ्या सोसायटीला भेटायला बोलावलं. आम्ही सगळे एकदम गेलो, ट्यूबलाइटच्या उजेडात त्या लहानखुऱ्या म्हातारीभोवती उभे राहिलो आणि एकाच वेळी तिला विचारू लागलो की पुणे आवडलं का. तिला विरंगुळा म्हणून काकांनी त्याच दिवशी माशांची टाकी आणली, नळाचं पाणी भरलं आणि दुकानातून आणलेले मासे पिशवीतून थेट त्यात ओतले. खूप छान दिसत होते. बाईसुद्धा हसली होती.

सकाळी सगळे मासे पोटं वर करून तरंगत होते.

बाई टाकीसमोर उभी राहून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "जिथं मासोळी जगत नाही, तिथं मानूस काय जगन?" आणि जेवायचीच बंद झाली. चहा नको, भाजी नको, पाणीसुद्धा घोटभर. "या पान्याले गोडी नाही बाप्पा." चार-सहा दिवसांत काकांनीच तिला गावी परत नेऊन सोडलं. तेव्हापासून ते दर संध्याकाळी फोनवर विचारत, बाई, येतेस का? आणि ती दर संध्याकाळी माशांचंच नाव काढी. शेवटी काकांनी विचारलं, मासे जगले तर येशील? ती म्हणाली, "जगले तं पाहू."

तर रिकाम्या टाकीचा मामला असा होता. मी त्यांना पुन्हा 'कुणाला वाढताय' असं विचारलं नाही. उलट मीच एक दिवस म्हणाले, "मला समजावून सांगा."

त्यांनी समजावून सांगितलं. टाकलेलं खाणं कुजतं, त्याचं विष होतं. मासे सोडले तर माशांच्या विष्ठेचंही तेच विष होतं. डोळ्यांना काहीच दिसत नाही, पाणी काचेसारखं स्वच्छ, आणि मासा आतल्या आत भाजून निघतो. पण ते विष खाऊन जगणारे काही सूक्ष्म जीव असतात. ते कुठून येतात, कसे येतात, कोण आणतं, काही सांगता येत नाही. वाट बघायची. हळूहळू ते फिल्टरच्या स्पंजात वस्ती करतात. "गेल्या वेळी मी वस्ती बसायच्या आधीच पाहुणे बोलावले," काका म्हणाले.

मग त्यांनी काचेच्या नळीत टाकीतलं थोडं पाणी घेतलं, त्यात औषधाचे थेंब टाकले आणि नळी घेऊन गॅलरीत उजेडात गेले. नळीमागे पांढरा कागद धरला. पाणी हिरवं झालं. "हिरवं म्हणजे विष. पिवळं झालं पाहिजे."

आणि मला सांगायला थोडी लाज वाटते, पण मला त्या नळीचं वेड लागलं. बँकेतून आले की चपला काढायच्या आत मी त्यांच्या दारात. "आज काय?" "हिरवं." मग सतीशही यायला लागला. मग देसाई. संध्याकाळी आम्ही तीन शहाणी माणसं एका निवृत्त माणसाच्या गॅलरीत उभी राहून नळीभर पाण्याचा रंग बघत असू. समोरून रेल्वे जाई, आम्ही मान वळवत नसू. एक दिवस रंग मला जरा फिका वाटला. देसाई म्हणाले, तुमचा चष्मा बदला. दोन दिवसांनी तो देसाईंनाही फिका वाटला. आणि मग एका संध्याकाळी काकांनी नळी कागदासमोर धरली आणि पाणी चक्क पिवळं होतं, हळदीच्या दुधासारखं.

त्या टाकीत कुणी जिवंत काही सोडलं नव्हतं. कुणी तरी आपण होऊन आलं होतं, राहिलं होतं आणि कामाला लागलं होतं. माझ्या अंगावर खरोखर काटा आला. मी आयुष्यभर पाणी वापरत आले, भांडी घासली, कपडे धुतले, आणि पाणी म्हणजे काय याची मला काडीचीही कल्पना नव्हती.

"म्हणजे आता मासे," सतीश म्हणाला.

"नाही. आता दुसरं विष."

"दुसरं कुठलं?"

"पहिलं खाल्लं की त्याचं दुसरं होतं. त्याला खाणारे वेगळे असतात. त्यांची वाट बघायची."

सतीश घरी निघून गेला. देसाई मात्र थांबले. ते म्हणाले, "हे आमच्या सोसायटीच्या कामांसारखंच आहे," आणि स्वतःसाठी खुर्ची ओढून घेतली.

माझी बँक शनिवार पेठेत आहे, आणि बँकेजवळच माशांचं एक जुनं दुकान आहे. काका त्या काळात तिथे वरचेवर येत. मासे घ्यायला नाही, नुसते बघायला. एका पेटीसमोर हात मागे बांधून उभे राहत आणि कोणता मासा कसा श्वास घेतो ते बघत. दुकानदार शनिवार पेठेतलाच होता, त्यामुळे गिऱ्हाइकाला देव वगैरे मानण्याचा प्रश्न नव्हता. एकदा मीही काकांबरोबर होते.

"काका, नुसतं बघायचं असेल तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात जा," दुकानदार म्हणाला. "तिकीट लागतं, पण बसायला बाकं आहेत."

काकांनी विचारलं, "हा मासा तळाशी का पडलाय?"

"दुपार आहे. पडलाय जरा."

"आणि याची शेपटी मिटलेली का?"

"उघडायला सांगू?"

काकांनी शांतपणे मान हलवली आणि पुढच्या पेटीकडे गेले. अखेर एकदा त्यांनी सांगितलं की अमुक पेटीतले गप्पी ते येत्या रविवारी नेतील. गप्पी, म्हणजे बोटाच्या पेराएवढे, नरांच्या शेपट्या रंगीत, माद्या करड्या आणि मोठ्या पोटाच्या. आदल्या दिवशी त्यांना खायला घालू नये आणि पिशवीत भरताना दिवा बंद करावा, अशी काकांची अट होती.

दुकानदाराने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मासे नेताय की मुलगी सासरी पाठवताय?"

"दोन्हीत घाई करू नये," काका म्हणाले. हे त्यांनी अगदी गंभीरपणे सांगितलं. मला वाटतं तेव्हापासून तो दुकानदार त्यांच्याशी जरा नीट बोलू लागला. त्याने एक रोपटं फुकट दिलं, आणि असं त्याने पूर्वी केल्याचं पेठेत कुणाला आठवत नाही.

मासे आले तो रविवार मी विसरणार नाही. काका रिक्षाने आले. पिशवी स्टीलच्या डब्यात, डब्याभोवती टॉवेल, डबा मांडीवर. रिक्षावाल्याला त्यांनी रस्ताभर इतकं हळू चालवायला लावलं होतं की तो आमच्या दारात म्हणाला, "काका, मागून सायकलवाले घंटी वाजवत होते."

घरातले पडदे ओढले होते, टाकीचा दिवा बंद होता. आम्हाला बोलावलं होतं पण बोलायची परवानगी नव्हती. काकांनी दाराच्या कडीवर तळहात टेकवला, मग आत येऊन पिशवी टाकीच्या पाण्यावर तशीच तरंगत ठेवली. आणि खुर्चीवर बसले. आम्हीही बसलो. काहीही होत नव्हतं. पिशवी तरंगत होती. देसाईंचं पोट गुरगुरलं तर त्यांनी माफी मागितली, कुजबुजत. बऱ्याच वेळाने काका उठले, पिशवीचं तोंड सोडलं, टाकीतलं वाटीभर पाणी पिशवीत घातलं आणि पुन्हा बसले. परत तेच. परत बसले. मला हातपाय आपटावेसे वाटत होते. पण त्या अंधाऱ्या खोलीत काकांचा चेहरा पाहिला आणि मी गप्प झाले. ते पिशवीकडे बघत होते, आणि त्यांचे ओठ हलत होते. पुढे कधी तरी मी विचारलं की तेव्हा काय पुटपुटत होता. म्हणाले, काही नाही, त्यांना सांगत होतो की हे जरा वेगळं लागेल.

मग त्यांनी लहान जाळीने एकेक मासा उचलून टाकीत सोडला. दुकानाचं पाणी आत पडू दिलं नाही. मासे सोडल्यासोडल्या रोपट्यामागे गेले आणि तिथे घोळका करून राहिले. रंग असा नव्हताच त्यांना, धुतलेल्या कपड्यासारखे. आम्ही बसून राहिलो. बाहेर संध्याकाळ झाली. मग एक मादी, पोटाने सगळ्यांत मोठी, रोपट्यामागून अर्धी बाहेर आली. थांबली. मग पूर्ण आली आणि खडीवरचं काहीतरी टिपलं. तिच्यामागून एक नर आला, आणि तो काचेच्या बाजूने जाता जाता त्याच्या शेपटीत रंग भरला, आमच्या डोळ्यांदेखत, आधी पिवळा आणि मग आतून तांबडा. मी सतीशचा हात धरला होता, हे मला नंतर कळलं.

काकांनी त्या रात्री फोनवर बाईला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मासे जगत राहिले, खाऊ लागले, काका जवळ आले की काचेशी गोळा होऊ लागले, तरी नाही. मी रोज विचारत होते आणि ते म्हणत होते, बघू. चांगला महिना गेला. मग ते स्वतःच गावी गेले. घराची किल्ली माझ्याकडे होती, खाणं किती घालायचं ते चिमटी करून दाखवलं होतं. रोज फोन यायचा. "वर येऊन तोंड उघडत नाहीत ना?" मी सांगायची, नाही. "सगळे आहेत?" सगळे आहेत.

ते बाईला घेऊन आले तेव्हा सोसायटीत कुणीही दार उघडलं नाही. तशी ताकीद होती. एकदम कुणी यायचं नाही, पहिले काही दिवस तर कुणीच नाही, मग एकेकाने. खोलीला जाड पडदे लावले होते. माझा नंबर आधी होता म्हणून मी वाटीभर शिरा घेऊन गेले. बाई टाकीसमोर जमिनीवर बसली होती. सुती लुगडं, पांढरे केस, अंगाने काडी. तिचं गाठोडं तिच्या शेजारीच होतं, बांधलेलं.

"जित्ते आहेत?" तिने काकांना विचारलं. मला वाटतं पुन्हा पुन्हा विचारत असावी.

"हो बाई."

"तेच ते? रोज नवे तं नाही आणत?"

"तेच आहेत बाई."

तिचं परतीचं तिकीट काढलेलंच होतं. त्याच अटीवर ती आली होती.

मी शिरा ठेवायला स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर पाण्याचे दोन मोठे कॅन. काका एका भांड्यात त्यातलं पाणी ओतत होते आणि मग आमच्या नळाचं, उकळून गार केलेलं, कपाने मोजून त्यात मिसळत होते.

"हे काय?"

"बाईचं पाणी." त्यांनी आवाज खाली आणला. "गावच्या विहिरीचं आणलंय. कालपर्यंत सगळं तेच दिलं. आज त्यात एक कप आपलं. उद्या दोन. तिला कळणार नाही. मागच्या वेळी मी एकदम बदललं."

मी त्या माणसाकडे बघत राहिले. गाडीतून, जिन्यातून, भंडाऱ्याहून खडकीपर्यंत त्याने विहीर वाहून आणली होती. मी म्हटलं, शिऱ्यात साखर कमी झालीय बहुतेक, आणि घरी आले. घरी आल्यावर जरा रडले.

बाई पाणी पिऊ लागली. जेवूही लागली. पण गाठोडं सोडलं नाही. तिकिटाची तारीख जवळ येत होती आणि काका तिला 'राहा' म्हणत नव्हते. मी त्यांना म्हटलं, निदान विचारा तरी. त्यांनी मान हलवली. त्यांचा चेहरा आता रोज सकाळी ओढलेला दिसे. मला प्रथमच त्यांच्याकडे बघून भीती वाटली, की ही गेली तर हा माणूस काय करील.

मग एका सकाळी माझी बेल वाजली. दारात बाई. एकटी. जिन्याचा तो चौक ओलांडून ती आपण होऊन आली होती, भिंतीला हात धरून.

"काहो, तुमच्याकडं डिंक आहे काय?"

"डिंक? कशाला?"

"बाळंतीण झाली घरात."

मी एक क्षण खरंच गांगरले. "कोण?"

"ते मोठ्या पोटाची. पाहा तरी येऊन, कशी इवलाली लेकरं आहेत."

तिच्यामागे काका त्यांच्या दारात उभे होते, हातात टॉवेल. बाई परक्या दाराशी उभी राहून बोलतेय हे ते बघत होते, आणि जागचे हलत नव्हते.

मी गेले. खरंच, रोपट्याच्या पानांत डोळे आणि शेपटी एवढेच असलेले जीव थरथरत होते. गप्पी अंडी घालत नाही, जिवंत पिल्लंच देते. मला हे माहीत नव्हतं. बाईला तर मुळीच नव्हतं. ती गुडघ्यांवर बसून बघत होती, नाक काचेला टेकलेलं. एक नर पिल्लांकडे वळला तर तिने काचेवर खाडकन टिचकी मारली. "बाप कसा पाहा मेला, लेकराले खाते." काकांची लाल सूचना तिच्या डोक्याच्या वरच होती. काका हातातल्या टॉवेलची घडी घालत राहिले.

लाडू झाले. डिंकाचे, साजूक तुपातले. पहिला लाडू बाईने कुस्करला आणि त्याचा चांगला मूठभर भुगा बाळंतिणीसाठी टाकीत सोडला. मी डोळे मिटून घेतले. चिमटीने मोजून खाणं घालणारा तो माणूस शेजारी उभा होता. पाण्यावर तुपाचा तवंग पसरला. काका म्हणाले, "थोडं त्या कोपऱ्यातही टाक बाई. लहान तिकडं आहेत."

तिकिटाच्या दिवशी तिने स्वतःच सांगितलं. "बाळंतिणीले टाकून जाता येते काय? हिचं होऊ दे." गाठोड्यातली लुगडी काढून तिने कपाटात ठेवली. "होऊ दे" म्हणजे काय, हे तिला कुणी सांगितलं नाही. गप्पी दर महिन्याला बाळंत होते.

आता रोज असंच चालतं. सकाळी भाकरीचा चुरा, कधी भात, कधी पोहे. बाईला माशांची पोटं दिसतात, खालचा कचरा मात्र दिसत नाही. दुपारी ती झोपते. परवा दुपारी मला सुट्टी होती म्हणून मी डोकावले, तर काका टाकीपाशी वाकले होते. नळीने तळाचा सगळा चिखल बादलीत ओढून घेत होते, तवंग कागदाने टिपत होते. शेजारी तयार पाण्याच्या बादल्या ओळीने भरून ठेवल्या होत्या. घामाने बनियन पाठीला चिकटला होता. हे ते रोज दुपारी करतात, हे मला तेव्हा कळलं.

"तुम्ही त्यांना सांगत का नाही," मी हळू आवाजात म्हटलं, "की एवढं घालू नये?"

त्यांनी नळी बोटाने दाबून धरली. "आमची आई गेली तेव्हा मी रांगत होतो, वहिनी. मला बाईनं वाढवलं. स्वतःच्या ताटातलं माझ्या ताटात टाकायची, आणि वर म्हणायची, मला भूक नाही. मी नोकरीला आलो, मग तिच्या हातचं खायला तिथं कुणी उरलं नाही. ती त्यानं वाळत चालली होती." त्यांनी नळी पुन्हा बादलीत सोडली. "हे खातात. तर खाऊ दे."

आतून खाट वाजली. काकांनी बादली न्हाणीघरात सरकवली आणि हात पुसत उभे राहिले. बाई भिंतीला धरत बाहेर आली, टाकीसमोर नेहमीच्या जागी बसली, आणि काचेला डोळे लावून तिने आत पाहिलं. पाणी आरशासारखं होतं.

"पाहा बाप्पा," ती समाधानाने म्हणाली, "पोट भरलं का पानी कसं निवळते."

"हो ना, बाई," काका म्हणाले.